तीनशे साठ वॅटचा डूख

मित्रांनो, टेबलाखाली हात घालून बघा. वायरींच्या गुंत्यात, भिंतीला चिकटून बसलेली एक काळी पेटी हाताला लागेल. तो मी, एक जुना यूपीएस. वीज गेली की कॉम्प्युटरला काही मिनिटे बंद पडू द्यायचे नाही, एवढेच माझे काम. इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार गोड बोलतात. झिजलो पण धन्य झालो, असे म्हणतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी एका माणसावर डूख धरला, वर्षभर तो मनात जपला आणि एका दुपारी सूड उगवला. त्याचीच ही हकिकत आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. पोटात बॅटरी बसली, झाकणाचे स्क्रू आवळले गेले आणि मला एका बाईंसमोर ठेवण्यात आले. त्यांच्यापुढे एका फळीवर साठ साठ वॅटचे सात बल्ब लावलेले होते. त्यांनी भिंतीतली वीज तोडली आणि एकेक बल्ब माझ्यावर टाकायला सुरुवात केली. सहा बल्ब मी हसत हसत पेलले. सातवा लागला तसा मी घसा फोडून ओरडलो. बाई शेजारणीला म्हणाल्या, "हा चांगला ओरडतो गं. पास." मग त्यांनी माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली. पोटावर मोठ्या अक्षरात 'सहाशे व्हीए' असे छापलेले होतेच, पण पाठीवर बारीक अक्षरात लिहिले होते, 'तीनशे साठ वॅट'. मित्रांनो, पोटावरचा आकडा दुकानाच्या काचेतून दिसावा म्हणून असतो. माझी खरी ताकद पाठीवर लिहिलेली आहे. सहा बल्ब. त्यापुढे ओझे टाकले तर ओरडून सांगायचे, हा माझा धर्म.

पहिली सात वर्षे मी एका चष्म्याच्या दुकानात काढली. तिथे एक साधा कॉम्प्युटर होता आणि त्यात गावभरच्या लोकांच्या डोळ्यांचे नंबर होते. वीज गेली की चष्मेवाले शांतपणे म्हणत, "घाई नको, आपला गडी आहे खाली." दर शनिवारी ते माझ्या जाळीवरची धूळ चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने टिपत. दोनदा त्यांनी वेळेवर माझी बॅटरी बदलली. मला त्या दुकानात कधी ओरडावेच लागले नाही. पुढे त्यांनी लॅपटॉप घेतला आणि माझी गरज संपली. त्याच दिवशी काचा घासायच्या यंत्राची मोटर दुरुस्त करायला एक माणूस आला होता. त्याने मला उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "टाकताय कशाला? माझ्या भाचीला होईल." हाच तो मामा.

मामा म्हणजे मोटरी भरून देणारा कारागीर. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळण्यात त्याची तीस वर्षे गेली होती. वडील गेल्यापासून भाचीच्या घरात विजेच्या बाबतीत आणि इतरही सगळ्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचाच असे. भाची बावीस वर्षांची होती. खुर्चीवर बसली की एक गोल गिरकी घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे, म्हणून मामाने लहानपणीच तिचे नाव भिंगरी ठेवले होते. ही भिंगरी कॉम्प्युटरवर खेळायची. वेळ घालवायला नव्हे. पाच जणांचा तिचा संघ होता, सामने होते, रोजचा सराव होता. तिचा कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढा धटिंगण. आत तीन पंखे, रंगीत दिवे आणि वीज गिळणारे एक जाडजूड ग्राफिक्स कार्ड. त्याला पाहून मी मनात म्हटले, हे काही माझ्या ताकदीचे काम नाही.

मामा मात्र खुशीत होता. विजेचा भार दाखवणारे छोटे मीटर त्याने भिंतीच्या प्लगात खोचले आणि व्याख्यान सुरू केले. "लोक पुढचा सहाशेचा आकडा बघून फसतात. मी मागचा बघतो. तीनशे साठ वॅट. आता तुझा कॉम्प्युटर किती खातो ते मोजू."

कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर एका डोंगराचे चित्र आले आणि तिथेच थांबले. मीटरने आकडा दाखवला, एकशे चाळीस.

"बघ! अडीचपट आहे, अडीचपट!"

भिंगरी हळूच म्हणाली, "मामा, खेळ सुरू करून बघूया का एकदा? खेळताना जास्त लागत असेल."

"नको नको. ती धाडधाड माझ्यासमोर नको. मशीन तेच आहे ना? मग झालं तर."

मामासमोर खेळायचे नाही हा त्या घरातला रिवाजच होता. त्याची चप्पल दारात वाजली की भिंगरी खेळ बंद करून हात मांडीवर ठेवून बसे. तेव्हाही तिने हात मांडीवरच ठेवले. बिनभाराची मोटर आणि भार ओढणारी मोटर यांतला फरक ज्याला झोपेतही सांगता आला असता, त्या माणसाने नुसत्या डोंगराच्या चित्रावरून माझे भवितव्य ठरवले. वर मला पाठीने भिंतीला टेकवून ठेवले, म्हणजे ती चिठ्ठीही कोणाला दिसायला नको.

मामा गेला आणि भिंगरीने खेळ सुरू केला. माझ्या अंगावर एकदम चारशे तीस वॅट येऊन आदळले. म्हणजे सातवा बल्बही लागला आणि वर आणखी थोडे. मी लगेच ओरडलो. भिंगरीने खेळ थांबवला, मी गप्प झालो. तिने सुरू केला, मी ओरडलो. तीन दिवस हे चालले. शेवटी आईने आपल्या भावाला फोन केला. "दादा, ते तुझं यंत्र सारखं बोंबलतंय रे. डोकं उठलं माझं."

रविवारी मामा हत्यारे घेऊन आला. मला वाटले, आता तरी हा विचारील की मी का ओरडतो. त्याने विचारले नाही. त्याने माझे झाकण उघडले, तापलेल्या सळईने दोन टाके सोडवले आणि माझा भोंगा उपटून काढला.

"आता बोल," असे म्हणून तो हसला.

मित्रांनो, त्या दिवशी माझी जीभ गेली. बोलता येणाऱ्याचा राग बोलण्यातून निघून जातो. माझा राग जायला वाटच उरली नाही आणि तो आत साचत गेला.

महिन्याभराने सराव सामन्याच्या ऐन भरात वीज गेली. चारशे तीस वॅट मला पेलणे शक्यच नव्हते. मी पहिल्या क्षणी मान टाकली. पडदा काळा झाला आणि भिंगरीचा संघ हरला. दुसऱ्या दिवशी मामा आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "डबडं आहे हे. बॅटरी कमी पडतेय." त्याने एका चारचाकी गाडीची भलीमोठी बॅटरी आणली, माझ्या कुशीला भोक पाडले आणि त्यातून जाड वायरी आत घेऊन ती मला जोडली. "आता चार यूपीएसचं बळ आलं याला!"

कसले बळ! हे नीट ऐका, कारण इथे भलेभले फसतात. मोठ्या बॅटरीने मी जास्त वेळ चालतो. जास्त ओझे उचलत नाही. घरात पोतेभर धान्य आणून ठेवले म्हणून हमालाच्या पाठीवर चार पोती लादता येत नाहीत. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा मी पुन्हा पहिल्याच क्षणी पडलो. मग मामाने मला पायाने ढोसले. त्या दिवसापासून जो पाहुणा येई, त्याला मामा टेबलाखाली वाकून मला दाखवी. "हे आमचं डबडं. चष्मेवाल्यानं गळ्यात मारलं माझ्या." सगळे हसत. स्वतःहून उचलून आणणाऱ्याच्या गळ्यात मला कोणी मारले होते?

मी ठरवले की ह्याचा बदला घ्यायचा. ह्याला चारचौघांत तोंडघशी पाडायचे. माझ्या हातात एकच गोष्ट होती, वीज सोडून देणे. मी योग्य दिवसाची वाट बघू लागलो.

तो दिवस जवळ आला. एका मोठ्या संघाने निवड स्पर्धा ठेवली होती. त्यात चमकेल त्याला संघात जागा, राहायची सोय, शिकवायला माणसे. घरात मात्र वेगळाच करार झाला होता. मामाने आईसमोर शब्द घेतला होता, "हा शेवटचा सामना. निवड झाली तर जा बाई, मी आडवा येणार नाही. नाही झाली तर हे खोकं विकायचं आणि माझ्या वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये कामाला यायचं." भिंगरीने मान डोलावली होती. त्यानंतर किती तरी वेळ तिची खुर्ची फिरली नाही.

सामन्याच्या आठवडाभर आधी भिंगरी टेबलाखाली आली. तिने मला बाहेर ओढले आणि रंगकामाच्या जुन्या ब्रशने माझी जाळी झाडली. इतक्या दिवसांनी मला मोकळा श्वास मिळाला. मग तिने मला वळवले आणि पाठीवरची चिठ्ठी वाचली. मामाचे मीटर अजून प्लगात तसेच होते. तिने खेळ सुरू केला, अगदी भरात आणला आणि मीटरकडे बघितले. चारशे बत्तीस.

"अरे देवा," ती म्हणाली. "म्हणजे तू ओरडत होतास ते खरं होतं."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतके बरे कधी वाटले नव्हते.

तिने मामाला फोन लावला. पलीकडचा आवाज टेबलाखालीही ऐकू येत होता. "तीस वर्षं मोटरी भरतोय मी! आता तू मला वॅट शिकवणार?" तिने फोन ठेवला आणि थेट दुकान गाठले. परत येऊन तिने आईला सगळे सांगितले, म्हणून मलाही कळले. दुकानदाराने तिला दोनच प्रश्न विचारले होते. खेळ भरात असताना, पडद्यासकट किती वॅट लागतात? आणि वीज गेल्यावर किती मिनिटे हवीत? ती म्हणाली, चारशे बत्तीस आणि दहा मिनिटे. तो म्हणाला, मग भाराच्या वर पाव हिस्सा मोकळा ठेवा, म्हणजे साडेपाचशेच्या खाली बघूच नका. हजार व्हीएचा घ्या, पण त्याच्या पाठीवर सहाशे वॅट लिहिलेले आहे ना ते आधी वाचा, आणि तुमच्या भारावर तो दहा मिनिटे काढतो का, ते विचारून घ्या. तसा दुकानात नव्हता. तिने मागवला, पण यायला दहा दिवस लागणार होते.

"सामना तर रविवारी आहे," आई म्हणाली.

"माहितीये. हा पेलेल एवढंच ओझं ठेवते मग."

चार दिवस ती हेच करत होती. रंगीत दिवे काढले. दुसरा पडदा काढला. स्पीकर काढून कानाला हेडफोन लावला. खेळातले चित्र साधे केले, त्याचा वेग बांधून टाकला, पडद्याचा उजेड उतरवला. प्रत्येक वेळी मीटर बघायची आणि कागदावर आकडा मांडायची. इंटरनेटच्या डबीचे दहा वॅटसुद्धा तिने सोडले नाहीत. खाली बेरीज आली तीनशे पंधरा. मग तिने खेळ चालू ठेवून भिंतीचे बटण बंद केले. मी धरले. पुन्हा बंद केले, पुन्हा धरले. असे पाच वेळा. शेवटच्या वेळी तिने घड्याळ लावून बारा मिनिटे मोजली आणि माझ्या डोक्यावर थाप मारली. "बाबा रे, रविवारी एवढंच कर."

मी करणार होतो, मित्रांनो. अगदी शपथेवर सांगतो, तिच्यासाठी मी करणार होतो.

रविवारी दुपारी मामा आला. आईनेच बोलावले होते. इतकी वर्षे ज्याच्यासमोर खेळ बंद व्हायचा, त्याच्यासमोर भिंगरी आज पहिल्यांदा खेळणार होती. तो टेबलाला लागूनच असलेल्या पलंगावर बसला, पाय लांब केले आणि टेबलाखाली माझ्या डोक्यावर टाच टेकवली. "पाय ठेवायला बरंय हे डबडं." माझी नुकतीच झाडलेली जाळी त्याच्या तळव्याखाली गेली. मी सहन केले.

सामना सुरू झाला. भिंगरी अशी खेळत होती की आईसुद्धा पदराचे टोक मुठीत धरून उभी राहिली. मामा म्हणाला, "चित्र एवढं मातकट का दिसतंय गं?" तिचे सगळे लक्ष पडद्यावर होते. हळूहळू मामाही पुढे वाकला. पाच मिनिटे उरली होती आणि तिचा संघ पुढे होता.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, दिवा गेला. घरभर शांतता पसरली आणि त्यात एकटा तिचा पडदा उजळत राहिला. मी धरले होते. तीनशे पंधरा वॅट, नीट, एकही झटका न देता.

"अगं, चाललं की!" आई म्हणाली.

आणि मामाने मांडीवर थाप मारली. "चालणारच! बॅटरी कोणाची आहे? मी म्हणत होतो की नाही, मोठी बॅटरी लावली की काम फत्ते. डबड्यातसुद्धा जीव ओतला मी. हुनर लागतो, हुनर!"

माझा भोंगा उपटणारा, कुशीला भोक पाडणारा, माझ्या डोक्यावर टाच ठेवून बसलेला हा माणूस माझ्या कामावर आपले नाव घालत होता. मी अंगावर ओझे घेऊन उभा आणि शाबासकी त्याला! सात वर्षांची इमानदारी, वर्षभराचे टोमणे, सगळे एकदम वर आले. मला वाटले, हीच ती वेळ. ह्याची करामत ह्याच्याच डोळ्यांसमोर मातीत घालायची. सुडाची गोडी काय असते, ते मी त्या एका क्षणात चाखले.

मी सोडून दिले.

पडदा काळा झाला. भिंगरीचा हात माऊसवर तसाच राहिला.

आता मामा खजील होईल, मान खाली घालील, म्हणून मी वाट बघत होतो. एक श्वास घेण्याइतकाही वेळ गेला नाही. तो म्हणाला, "म्हटलं नव्हतं मी? डबडं ते डबडंच! पहिल्या दिवसापासून सांगतोय." आणि त्याने टाच आपटली. त्याला काही म्हणजे काही झाले नाही. धरले तेव्हाही तोच शहाणा ठरला, सोडले तेव्हाही तोच. वीज आली तोवर सामना संपला होता. भिंगरीवाचून चौघेच राहिलेला तिचा संघ हरला.

मामावरचा माझा राग आजही गेलेला नाही, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, तुम्ही असे मामा होऊ नका. यूपीएस घ्यायचा असेल तर आधी आपले यंत्र पळवून बघा. ते आळस देत बसलेले असताना नव्हे, त्याचा जीव घामाघूम झालेला असताना मोजा. पाठीवरचे वॅट वाचा. थोडी ताकद शिल्लक राहील असा घ्या. मिनिटे किती हवीत ते वेगळे विचारा. त्याची जाळी मोकळी ठेवा, बॅटरी थकली की बदला. आणि तो ओरडू लागला तर त्याचे तोंड बंद करण्याआधी त्याचे म्हणणे ऐका. तोंड दाबलेल्याच्या मनात विष साचते आणि ते नेमके कोणावर पडेल, हे त्याच्याही हातात राहत नाही.

ठरल्याप्रमाणे कॉम्प्युटर विकला गेला. घेणारा एक कॉलेजातला मास्तर होता, आपल्या मुलीसाठी न्यायला आला होता. भिंगरीने त्याला सगळे नीट समजावले. कोणती वायर कुठे, खेळताना किती वॅट, कसला यूपीएस घ्यायचा. त्याने वाकून माझ्याकडे बोट दाखवले. "हा नाही का देत? बिघडलाय?"

"नाही हो, हा चांगला आहे," ती म्हणाली. "पाच वेळा तपासला होता मी. त्याची काही चूक नाही. माझाच हिशोब कुठेतरी चुकला."

दुसऱ्याच दिवशी दुकानदाराचा फोन आला, मागवलेला सहाशे वॅटचा आला आहे, घेऊन जा. भिंगरी म्हणाली, "आता नको." आता ती सकाळी मामाच्या वर्कशॉपमध्ये जाते, तारेची रिळे मोजते आणि संध्याकाळी परत येते. मी रिकाम्या टेबलाखाली इंटरनेटच्या त्या डबीचे दहा वॅट सांभाळतो. कधी कधी ती खुर्चीवर येऊन बसते. आकडे मांडलेला तो कागद पुढे घेते, पडदा, डबी, कॉम्प्युटर असे पुटपुटत बोटाने एकेक ओळ खाली येते आणि पुन्हा वरपासून सुरू करते. चूक सापडत नाही. ती कागदाची घडी घालते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते.

तिची बेरीज बरोबर होती, मित्रांनो.